चेन ताणताना मागे कोण बसणार?

क्रूझर घेतली की होस्टेलची पोरं क्रोम चमकवतात. चेनकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी बघितलं, पण अर्धवट. २००५ साली आलेली ती पहिली १८० सीसी अ‍ॅव्हेंजर, तिचं मागचं चाक अधांतरी उचलून मी ट्रिपच्या आदल्या रात्री चेन तारेसारखी ताठ केली. सकाळी रूम-पार्टनर मागे बसला आणि गिअरबॉक्सकडून घूं घूं सुरू!

कारण साधी भूमिती. चाक वर-खाली होतं ते स्विंगआर्मच्या पिव्हटभोवती, पण पुढचं छोटं स्प्रॉकेट असतं त्या पिव्हटच्याही पुढे. म्हणून दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. स्प्रॉकेट, पिव्हट आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. अधांतरी चाक खाली लोंबतं. दोघं बसले की वर सरकून त्या रेषेकडे येतं. आधीच ताठ असलेली चेन मग शाफ्टलाच ओढते, नि बेअरिंगचे हाल होतात. फार सैल ठेवाल तर चेन उतरून चाक जॅम व्हायची भीती, ते त्याहून वाईट.

तेव्हा मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच स्थितीत सैलपणा मोजा. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा, चार ठिकाणी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात ताठ जागेचं माप धरायचं. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या हव्यात. अ‍ॅक्सलचा नट आवळला की पुन्हा मोजा, तेवढ्यातही फरक पडतो.

आम्ही टोलनाक्याआधीच परत फिरलो. पार्टनर अजून चहाचे पैसे मागतो.