नाण्यावरचा देव आणि नाण्यातली चांदी

मत्स्योदरीच्या यात्रेत देवीपुढे नाणी पडतात, हे अंबडकरांना सांगावयास नको. आपण नाणे देवापुढे ठेवतो. प्राचीन रोमचे लोक देवालाच नाण्यावर बसवीत.

रोमच्या चांदीच्या नाण्याचे नाव देनारियस. आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘दीनार’ शब्द त्यावरूनच आला. इ. स. पूर्व 211 च्या सुमारास हे नाणे निघाले. एका अंगास शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या अंगास घोडे दौडवणारे जुळे देव, कॅस्टर आणि पोलक्स. आपल्या अश्विनीकुमारांचे हे भाऊबंदच म्हणावयाचे! पुढे रथात बसलेला ज्युपिटरही आला. टांकसाळसुद्धा जूनो मोनेटा या देवीच्या देवळालगत होती. इंग्रजीतला ‘मनी’ शब्द या मोनेटाचाच. देव साक्षीला असता नाणे खोटे कसे निघेल, असा त्यातला भाव.

आता व्यवहार पाहू. इ. स. 14 मध्ये पॅनोनिया प्रांतातल्या रोमन शिपायांनी बंड केले. त्यांचा रोज दहा आस. देनारियसचे आस मात्र सोळा. कपडे, हत्यारे, तंबू यांचा खर्चही त्या दहांतूनच. रोज पुरा एक देनारियस द्या, ही त्यांची मागणी. तिचे पुढारी मारले गेले. पुढे इ. स. 64 मध्ये नीरो बादशहाने एका रोमन रत्तलात 84 ऐवजी 96 नाणी पाडली, वर चांदीत हीण मिसळले. नाण्याचे नाव तेच राहिले, देवही राहिले. चांदी तेवढी घटली.

ही घट आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या ध्यानी आली असावी. शेजारच्या पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड भडोच बंदरात जाई, आणि रोमचे सोन्याचांदीचे नाणे तेथे येई, असे पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात नमूद आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या चांदीच्या साठ्यांत बहुतेक नाणी नीरोपूर्वीच्या ऑगस्टस व टायबेरियस यांची आहेत. नीरोनंतरची फारच थोडी. आपल्या पूर्वजांनी नाण्यावरच्या देवाला हात जोडलेही असतील, पण नाणे घेताना तराजू खाली ठेवला नाही.

आम्ही कामगारांच्या सभांत आयुष्य घालवले. पगाराचा आकडा तोच राहतो आणि महागाईने त्यातली भाकरी कमी होते, हे तेथे नित्य समजावून सांगावे लागते. महागाई भत्ता मागणारा कामगार अधिक काही मागत नसतो. नाण्यातून गेलेली चांदी तेवढी परत मागतो.