गावाची राखण, गावाचा हिशेब



लोणंदच्या बाजारात कांदा घातला की आपण पट्टी हातात घेतो आणि वजन, हमाली, तोलाई ओळीने तपासतो. पाच-दहा रुपयांचा फरक दिसला तरी गाळ्यावर परत जाऊन विचारतो. मात्र घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती एकदा कोनाड्यात ठेवली की त्या पैशातून गावात किती दिवे लागले, वाचनालयात कोणती पुस्तके आली, रात्रीची गस्त कोण घालतो, हे विचारायचे राहून जाते. विचारले तर सरपंचाला राग येईल, भावकीत वितुष्ट येईल, अशी भीतीही मनात असते. पण हिशेब विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. ज्या गावात विचारणारे असतात, त्या गावात काम करणाऱ्या सरपंचालाही बळ मिळते.

पंचायतीकडे काय सोपवले आहे?

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्याला जोडलेल्या कामांच्या यादीस ग्रामसूची म्हणतात. रस्ते, दिवाबत्ती, पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याबरोबर वाचनालये चालविणे आणि गावाची व पिकांची राखण करणे हीसुद्धा कामे त्या सूचीत आहेत. ही कामे पंचायतीने हाती असलेला निधी पुरेल तेवढी करावयाची असतात. निधी सगळ्याला पुरत नाही, म्हणून आधी काय आणि मागून काय, हे ठरवावे लागते. ते कोणी ठरवायचे, हाच खरा प्रश्न आहे. गावाने ठरविले नाही तर चार माणसे ठरवितात.

शंभर माणसांची गोष्ट

वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण या सभेचा सभासद असतो. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० आणि १००० मतदारांच्या गावात १०० माणसे पुरतात.

तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला ही संख्येची अट राहत नाही. आता तुम्हीच विचार करा. पहिल्या दिवशी आपण 'आज खुरपणी आहे' म्हणून गेलो नाही आणि तहकूब सभेला वीस माणसे बसली, तर त्या वीस जणांचा ठराव हाच सगळ्या गावाचा ठराव होतो. पुढे पारावर बसून कुरकुर करण्यात काही अर्थ उरत नाही.

आर्थिक वर्षातील पहिली ग्रामसभा सर्वांत महत्त्वाची असते. ती एप्रिल किंवा मे महिन्यात घ्यावी लागते. मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षातील कामांची यादी आणि लेखापरीक्षणातील शेरे व त्यांवर दिलेली उत्तरे हे सारे त्या सभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. उन्हाळ्यात शेतीची कामे त्या मानाने कमी असतात. एक सकाळ या सभेसाठी राखून ठेवा.

वाचनालय : कुलूप की पुस्तके?

महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. त्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्यानुसार सरकारी अनुदान मिळते. खेड्यातील वाचनालय बहुधा एखादी नोंदणीकृत संस्था चालविते, काही ठिकाणी ग्रामपंचायत स्वतः चालविते. कोणीही चालवो, पैसा लोकांचाच असतो.

२०१२ साली सरकारने राज्यभरातील वाचनालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी केली. अनेक वाचनालये निकषांत बसली नाहीत, काही तर बंदच आढळली. त्यानंतर बरीच वर्षे नव्या वाचनालयांना मान्यता मिळणे थांबले. म्हणजे चूक केली कोणी आणि भोगले कोणी! ज्या गावातील पोरांनी धडपड करून चार कपाटे पुस्तके जमविली, त्यांच्यापुढेही दार बंद झाले. कागदावरचे वाचनालय गावाने वेळीच ओळखले असते आणि गावच्या सभेत विचारले असते, तर मुंबई-पुण्याहून दट्ट्या येण्याची वेळच आली नसती.

याच सातारा जिल्ह्यात दुसरे उदाहरणही आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झाले. सुरुवातीला २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. योजना सरकारची, पण गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली. पुस्तक लोकांच्या नजरेसमोर असले की त्यावर धूळ बसत नाही.

तेव्हा आपल्या गावच्या वाचनालयात एकदा जाऊन या. ते किती वाजता उघडते? देवघेवीच्या वहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? या वर्षी नवी पुस्तके किती आली? शेतीवरची किती, स्पर्धा परीक्षेची किती? मुलींना संध्याकाळी बसता येईल असा उजेड आणि जागा आहे काय? सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. त्यांच्या तालुक्यातील मुलीला वाचायला बसण्यासाठी जागा नसावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

राखण हवी, पण हिशेबाची

पुणे-सातारा महामार्ग आपल्या तालुक्यातून आणि पुढे खंबाटकी घाटातून जातो. शिरवळच्या कारखान्यांतील पाळी सुटली की रात्री-अपरात्री माणसे घरी परततात. विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर चोरीला जाण्याची धास्ती तर प्रत्येक शेतकऱ्याला असते. ऐन भिजवणीत केबल गेली तर नुसत्या केबलची किंमत जात नाही, पिकाची एक पाळी चुकते. म्हणून गस्त हवीच.

परंतु ही गस्त कोणाच्या सांगण्यावरून चालते, याची नोंद असली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय झाले ते विसरू नका. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या खोलीत गावाचा कारभार चालायचा, तिथेच पाच जीव गेले. अंधारात भ्यालेली माणसे हातात काठ्या घेऊन निघाली आणि त्यांना आवरणारा कोणी नसला, की राखणीचाच घात होतो.

म्हणून गस्त घालणाऱ्यांची नावे आणि वार ग्रामसभेत वाचून दाखवावेत. त्यांची यादी पोलीस पाटलांकडे आणि पोलीस ठाण्यात असावी. पोलीस पाटील हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे सरकारने नेमलेले असतात, त्यांना वगळून राखण करू नये. अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारपूस करावी, शंका वाटल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा, पण हात उगारू नये. ऊसतोडीला आलेले, मेंढरे घेऊन आलेले, भिक्षेकरी हे सारे पोटासाठी फिरणारे लोक आहेत. आणि सर्वांत स्वस्त राखणदार म्हणजे खांबावरचा दिवा. बंद दिव्यांचे खांब मोजा, त्यांचे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद सभेत द्या. 'गावात अंधार आहे' या तक्रारीला उत्तर टाळता येते, 'शाळेजवळचे तीन खांब' या तक्रारीला टाळता येत नाही.

विचारायचे कसे?

प्रश्न सभेच्या आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसेवकांना, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, इतिवृत्ताच्या वहीत आपला प्रश्न आणि त्यावरचे उत्तर लिहून घ्यावयास सांगावे. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. त्यांचा हिशेब वेगळा मागावा. घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडावयास सांगा, तेथे पंचायतीची कामे आणि खर्च पाहता येतो. तरीही माहिती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

खंडाळा आणि लोणंद येथे आता नगरपंचायती आहेत, त्यामुळे तेथे ग्रामसभा भरत नाही. तेथील रहिवाशांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावेत. माहिती अधिकार तेथेही लागू आहे.

माता-भगिनींना शेवटी एक सांगणे आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. पुरुषांपुढे बोलण्याचा संकोच वाटत असेल तर तेथे बोला आणि ठराव लिहून घ्या. अंधाऱ्या वाटेने पाण्याला आणि परसाकडे कोण जाते, शाळा सुटल्यावर मुली कोणत्या रस्त्याने येतात, हे तुम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढे सरपंचांना ठाऊक नसते.

पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. एका घरातून दोन माणसे आली, तर पन्नास घरांत शंभर होतात. तेवढी जमली की सभा तहकूब होत नाही.