द्रव हेलियमचे शुद्धीकरण

द्रव हेलियमचे शुद्धीकरण म्हणजे नीच तापमान संशोधनात शीतक म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेलियममधून अन्य वायू व नको असलेला समस्थानिक दूर करण्याची क्रिया होय. वातावरणीय दाबाखाली हेलियम सुमारे ४.२ केल्व्हिन (−२६९ °से.) तापमानास उकळते. या तापमानास अन्य सर्व वायू गोठलेले असतात. म्हणून हेलियममधील अशुद्धी द्रवात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यांचे घन कण बनतात आणि ते झडपा व बारीक नळ्या बंद करतात.

अशुद्धींचा उगम

हेलियम महाग व दुर्मीळ असल्याने प्रयोगशाळांत बाष्प झालेला वायू पुन्हा गोळा करून त्याचे द्रवीकरण केले जाते. या फेऱ्यात हवा, पाण्याची वाफ आणि संपीडकातील तेलाचे बाष्प त्यात मिसळते.

वायुरूपातील शुद्धीकरण

बहुतेक अशुद्धी द्रवीकरणापूर्वीच काढल्या जातात. प्रथम तेल व ओलावा शोषून घेतात. नंतर उच्च दाबाचा वायू द्रव नायट्रोजनने सुमारे ७७ केल्व्हिनपर्यंत थंड करतात. तेथे हवेचा बराचसा भाग द्रवरूप होऊन वेगळा होतो व उरलेला सक्रिय कोळशाच्या पृष्ठभागावर अधिशोषित होतो. कोळसा संपृक्त झाल्यावर तो तापवून व निर्वात करून पुन्हा वापरता येतो. निऑन व हायड्रोजन मात्र ७७ केल्व्हिनला फारसे अधिशोषित होत नाहीत. त्यांच्यासाठी द्रवीकरण यंत्रात सुमारे २० केल्व्हिनला दुसरा अधिशोषक ठेवतात.

हायड्रोजनची समस्या

हायड्रोजन सुमारे १४ केल्व्हिनला गोठतो. त्याचे अत्यल्प प्रमाण एरवी लक्षातही येत नाही. परंतु सुमारे १ केल्व्हिनपर्यंत नेणाऱ्या शीतपात्रात द्रव हेलियम अतिसूक्ष्म केशनलिकेतून सतत वाहत असते. तेथे घन हायड्रोजन हळूहळू साचून नलिका बंद होते. मग संपूर्ण उपकरण तापवावे लागते व चालू प्रयोग खंडित होतो. यावर उपाय म्हणून हायड्रोजनला रासायनिक रीत्या बांधून ठेवणारी धातूंची मिश्रणे वायूच्या मार्गात ठेवतात.

समस्थानिक शुद्धीकरण

नैसर्गिक हेलियम जवळजवळ संपूर्ण हेलियम-४ असते. हेलियम-३ चे प्रमाण साधारणतः दशलक्षात एक भाग किंवा त्याहूनही कमी असते. गोठवून किंवा गाळून तो वेगळा करता येत नाही. येथे अतिप्रवाहितेचा उपयोग होतो. २.१७ केल्व्हिनखाली हेलियम-४ मध्ये सामान्य व अतिप्रवाही असे दोन घटक असल्याचे मानतात. द्रवाच्या एका टोकास उष्णता दिल्यास सामान्य घटक उष्ण टोकापासून दूर वाहतो व हेलियम-३ चे अणू आपल्याबरोबर नेतो. अतिप्रवाही घटक उलट दिशेने येतो. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील पीटर मॅक्लिंटॉक यांनी या तत्त्वावर अत्यंत शुद्ध हेलियम-४ मिळविण्याचे उपकरण १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.

हेलियम-३ न्यूट्रॉन तीव्रपणे शोषून घेतो, तर हेलियम-४ ते शोषत नाही. त्यामुळे द्रव हेलियममध्ये अतिशीत न्यूट्रॉन निर्माण करून साठविण्याच्या प्रयोगांत ही शुद्धता अत्यावश्यक ठरते.