अमरावतीहून अकोल्यापर्यंत पोचणारी पेशी

बाकाच्या कडेवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव तुम्हा सर्वांना असेलच. मार लागतो कोपराला आणि मुंग्या येतात करंगळीला! असे का व्हावे? कोपराच्या आतील बाजूस, हाडाच्या खोबणीत, अगदी कातडीखालून एक मज्जातंतू जातो. करंगळीकडचे संदेश तोच मेरुरज्जूकडे नेतो. त्याला वाटेत कोठेही धक्का बसला, तरी मेंदू समजतो की खबर करंगळीहूनच आली.

मज्जातंतू हा एकच धागा नसतो. ती हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी असते आणि प्रत्येक धागा हा एखाद्या चेतापेशीचा अक्षतंतू असतो. पायाचे स्नायू हलवणारी एक चेतापेशी घेऊ. तिचा मुख्य भाग, म्हणजे पेशीकाय, पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत असतो. त्याच्या वृक्षिका नावाच्या फांद्या इतर पेशींकडून संदेश घेतात. अक्षतंतू तो संदेश थेट पावलाच्या स्नायूपर्यंत नेतो.

आता थोडे गणित करू. पेशीकायाचा व्यास सुमारे ०.०५ मिलिमीटर, अक्षतंतूची जाडी सुमारे ०.०१ मिलिमीटर आणि लांबी जवळजवळ १ मीटर धरा. हे सर्व एक लाख पटींनी वाढवले तर काय होईल? अमरावतीच्या राजकमल चौकात ५ मीटर लांबरुंद खोली उभी राहील आणि तिच्यातून निघालेला १ मीटर जाडीचा नळ बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकून १०० किलोमीटरवर, म्हणजे अकोल्यापर्यंत जाईल! एवढी लांब, तरी ती एकच पेशी.

या नळातून संदेश जातो तो तारेतील विजेसारखा नव्हे. पेशीच्या पटलाच्या आतील बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पटलाची जाडी मीटरच्या एक अब्जांश भागाच्या सातपटीएवढीच आहे. भागाकार करून पाहा. दर मीटरला एक कोटी व्होल्ट! हवेत दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. संदेश आला की पटलातील दारे उघडतात, सोडियमचे धन आयन आत घुसतात आणि तेथील विद्युतभार क्षणभर उलटतो. त्यामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यापुढची. फटाक्यांच्या लडीत एकाने दुसऱ्याला पेटवावे, तसे हे चालते. फरक इतकाच की ही लड काही सहस्रांश सेकंदांत पुन्हा उडायला तयार होते. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ साली याचे गणित मांडले. त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उघड्या, बारीक तंतूतून हा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. काट्यावर पडलेला पाय मागे घ्यायला एवढा वेळ कसा परवडेल? येथे आधारपेशी मदतीला येतात. श्वान पेशी अक्षतंतूभोवती पट्टीसारखे वेढे घेऊन मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण तयार करतात. एक पेशी सुमारे एक मिलिमीटर भाग झाकते. म्हणजे मीटरभर तंतूला हजारएक पेशी लागतात. दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. संदेश फटीतून फटीकडे उडी मारतो. पॅसेंजर गाडीची एक्सप्रेस व्हावी, तसा त्याचा वेग सेकंदाला ५० ते १०० मीटर होतो. याशिवाय श्वान पेशी तंतूचे पोषण करतात आणि तो तुटला तर त्याला पुन्हा वाढण्याची वाट दाखवतात.

मेंदूतही आधारपेशी असतात. १८५६ साली फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना ‘ग्लिया’, म्हणजे डिंक, असे नाव दिले. जुनी पुस्तके त्यांची संख्या चेतापेशींच्या दहापट सांगत. नव्या मोजणीनुसार मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि आधारपेशीही जवळजवळ तितक्याच.

या आधारपेशी बिघडल्या तर काय होते, हे आमच्या अमरावतीला चांगले ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी येथे कुष्ठरुग्णांसाठी ‘तपोवन’ उभारले. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका श्वान पेशींतच घर करतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कातडीलगतचे मज्जातंतू, आणि त्यांत आपला कोपराजवळचा तंतूही, त्याच्या तावडीत सापडतात. तंतू सुजतो, आवरण नष्ट होते, संदेश थांबतात. गरम भांडे हाताला चटका देते, पण रुग्णाला ते कळतच नाही. जखम होते, चिघळते. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. वेदना न कळल्याने वारंवार होणाऱ्या जखमा त्यांचा नाश करतात. ज्या वेदनेला आपण नावे ठेवतो, तीच आपली राखणदार आहे.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो. मात्र मेलेला तंतू औषधाने परत येईलच असे नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा हलकेच टेकवायला सांगा. स्पर्श कळला नाही, तर सरकारी दवाखाना गाठा. तेथे औषध मोफत मिळते. आणि वर्गात कोणाला असा चट्टा असेल, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.