मताचा वारसा

खातेदार निवर्तला की त्याच्या वारसांची नोंद तलाठ्याच्या दप्तरी होते. मताच्या वारशाची नोंद कोठेच होत नाही. तथापि 'आमचे घर अमक्या पक्षाचे' हे वाक्य रायगड जिल्ह्यात सातबाराच्या उताऱ्याइतक्याच खात्रीने उच्चारले जाते. हा वारसा येतो कोठून आणि तुटतो कोठे, हे धरमतरच्या खाडीच्या दोन्ही काठांवर चांगले पाहावयास मिळते.

खाडीच्या पश्चिमेस, अलिबाग तालुक्यात, चरी हे गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली, घरोघर उपासमार आली. परंतु कुळे हटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे खोती गेली, कुळकायदा आला, आणि शेतकरी कामगार पक्षाने ह्या भागात मूळ धरले ते ह्याच मातीत. ज्या मुलांनी ते उपास काढले, त्यांस जमिनीचा प्रश्न व्याख्यानाने पटवावा लागला नाही. ऐन तारुण्यात भोगलेल्या घटनाच पिढीची दृष्टी घडवितात, असे कार्ल मानहाइम ह्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली प्रतिपादिले होते. चरी हे त्याचे आपल्या दारचे उदाहरण होय.

खाडीच्या पूर्वेस, पेण तालुक्यात, तोच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. विशेष आर्थिक क्षेत्राकरिता भूसंपादन होऊ घातले, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत सरकारने मतदानाने अजमाविले. अधिकृत निकाल जाहीर झाला नाही, आणि पुढे ती योजनाही बारगळली. आजोबांनी खोताशी जो वाद केला, तोच नातवाने नव्या धन्याशी केला. प्रश्न जिवंत होता म्हणून वारसाही जिवंत राहिला.

परंतु ह्याच तालुक्यात डोलवीस पोलादाचा कारखाना आहे आणि त्याचा माल धरमतरच्या जेटीवर चढतो-उतरतो. ज्याचे पोट पावसावर नव्हे, पगारावर अवलंबून आहे, त्यास बापाच्या घोषणा परक्या वाटल्या तर नवल नाही. पुढाऱ्यांची घरेही ह्यास अपवाद नाहीत. मोहन पाटील ह्यांनी शेतकरी कामगार पक्षातर्फे पेणचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे पुत्र धैर्यशील त्याच पक्षातर्फे २००९ व २०१४ साली निवडून आले आणि २०२३ साली भारतीय जनता पक्षात गेले. त्यात बरेवाईट काय, हे मतदारांनी ठरवावे. आमचा मुद्दा निराळा आहे.

पुत्र पक्ष बदलतो तेव्हा आपण त्याची कारणे विचारतो. पण पुत्र पक्ष बदलीत नाही, तेव्हा कारण विचारण्याचे कोणास सुचत नाही! आमच्या व्यापारी वाचकांस हे सांगावयास नको. पेढी वडिलांची असली तरी शहाणा मुलगा जुन्या वहीतील बाकी तपासल्यावाचून 'मागील पानावरून पुढे चालू' असे लिहीत नाही. बाकी खरी असेल तर ती अभिमानाने पुढे ओढावी. बुडीत असेल तर सोडून द्यावी.

आणखी एक गोष्ट. 'आमचे घर' म्हणताना त्या घरातील सुनेचे मत कोणी विचारलेले असते काय? माहेरी एका पक्षाची व सासरी दुसऱ्या पक्षाची म्हणून ती मोजली जाते. जणू मत हे तिच्याबरोबर आलेले आंदण होय. कायद्याने मत गुप्त ठेविले आहे ते केवळ सरकारपासून नव्हे, तर सासऱ्यापासून व नवऱ्यापासूनही.

म्हणून वडिलांनी मुलांस पक्ष सांगण्यापूर्वी त्या पक्षामागील हकिकत सांगावी. आणि मुलांनी ती पुरती ऐकल्यावाचून टाकू नये वा स्वीकारूही नये. जमीन वारशाने मिळते. मत मात्र प्रत्येक पिढीने स्वतः कसावे लागते.