लांब नळी, मोठा सिलिंडर? जरा थांबा!

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि रेल्वेत टीसीची नोकरी करणारा हा मुलगा एका दिवसात घराघरात पोहोचला. नोकरी सांभाळून ऑलिंपिक मेडल! क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या कित्येकांना तेव्हा वाटलं असेल, 'बॉस, आपणही ट्राय करायला काय हरकत आहे?'

हरकत काहीच नाही. स्वप्नीलची .22 रायफल हे बंदुकीच्या लायसन्सचं प्रकरण आहे, पण सुरुवात करायला 10 मीटर एअर रायफल आहे. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने गोल्ड मिळवलं ते याच प्रकारात. मुंबईत वरळी, पुण्यात बालेवाडी, शिवाय बऱ्याच शहरांमधले छोटे क्लब... रेंज शोधायला फार लांब जावं लागत नाही. खरी गंमत सुरू होते दोन-तीन महिन्यांनी, 'आता स्वतःची रायफल घेऊ या' हा किडा डोक्यात वळवळू लागल्यावर. चांगल्या इम्पोर्टेड मॅच रायफलची किंमत लाखांत जाते. म्हणजे बाइकपेक्षा महाग! आणि बाइक घेताना सीसी बघतात, तशी आपली मंडळी इथे नळीची लांबी आणि सिलिंडरचा साइझ बघतात. जेवढं मोठं तेवढं भारी, हा हिशोब इथे साफ चुकतो.

नळी आखूड का असते?

मॅच एअर रायफल लांबलचक दिसते. पण तिची खरी बॅरल, म्हणजे आत आटे असलेली नळी, साधारण 42 सेंटिमीटरचीच असते. पुढे दिसतो तो पोकळ पाइप. त्यातून छर्रा कशालाही न घासता निघून जातो.

का बरं? तुम्ही चाप ओढल्यावर छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुमचा हात हलला, श्वास सुटला, खांदा पडला, तर नेमही हलला. नळी जितकी लांब, तितका छर्रा जास्त वेळ तुमच्या चुकांच्या ताब्यात. शिवाय इथे वेगाची हाव नसते. 10 मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला सेकंदाला 170-175 मीटर वेग पुरतो. त्यासाठी आखूड नळी पुरेशी आहे.

मग तो पोकळ पाइप कशाला?

तो आहे नेमासाठी. मागची साइट डोळ्याजवळ, पुढची पाइपच्या टोकाला. दोन्हींमधलं अंतर वाढलं की तीच चूक टार्गेटवर कमी दिसते. गणित सोपं आहे. साइट्समध्ये 60 सेंटिमीटर अंतर असेल आणि नेम 0.1 मिलिमीटरने चुकला, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 1.7 मिलिमीटर भरकटतो. अंतर 75 सेंटिमीटर केलं, तर 1.3 मिलिमीटर. आता यात काय एवढं? तर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दर पाव मिलिमीटरला दशांश गुण बदलतो. मॅचमध्ये शॉट असतात 60. करा हिशोब!

पण थांबा. पाइप वाढला की पुढचं वजनही वाढतं. नवख्या हातांना अशी रायफल पंधराव्या शॉटपर्यंत मस्त स्थिर वाटते आणि चाळिसाव्याला कंबर बोलू लागते. नियमालाही मर्यादा आहेच. मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून पाइपच्या टोकापर्यंत जास्तीत जास्त 85 सेंटिमीटर, आणि एकूण वजन साडेपाच किलो.

हवेचा फंडा

दुसरा प्रश्न सिलिंडरचा. पूर्वी सीओटू गॅसच्या रायफली जोरात होत्या. त्यांचा एक प्रॉब्लेम होता, उन्हाळा! सीओटूचा दाब तापमानाबरोबर चढतो. 20 अंशांना सुमारे 57 बार, 30 अंशांना 72 च्या आसपास. सकाळच्या आणि दुपारच्या शॉटमध्ये फरक पडणारच. म्हणूनच 1990 च्या दशकानंतर दाबलेल्या हवेने बाजी मारली. सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत हवा भरायची आणि रेग्युलेटरने तिचा दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखी हवा द्यायची. जुनी सीओटू रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारण्याआधी विदर्भातला मे महिना आठवा.

सिलिंडर लांब की आखूड? लांबमध्ये शॉट्स जास्त, भरायची कटकट कमी. पण तो नळीच्या खालीच बसतो, म्हणजे वजन पुन्हा पुढे. आखूड सिलिंडरमध्ये शॉट्स कमी, पण मॅचच्या 60 शॉट्सना आणि सरावाच्या शॉट्सना तो सहसा पुरतो. बांधा सडपातळ असेल किंवा पाठीची कुरकुर असेल, तर आखूड बरा. रायफल पुढे हलकी वाटून डुलत असेल, तर लांब घ्या किंवा छोटी वजनं लावून बघा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. 200 बार म्हणजे कारच्या टायरच्या जवळपास नव्वदपट दाब. त्यामुळे भरायची ती कोरडी, स्वच्छ हवा, योग्य पंपाने किंवा टाकीने. ऑक्सिजन कधीच नाही. ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर तारीख असते आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं. सेकंडहँड घेताना रायफलच्या पॉलिशआधी ही तारीख बघा.

मग घ्यायची कोणती?

पहिले काही महिने क्लबची रायफल वापरा. तेवढ्यात तुमची उभं राहायची पद्धत बसते आणि तुम्हाला वजन पुढे हवंय की मागे, ते कळतं. त्यानंतर या क्रमाने बघा:

• स्टॉक: गालाची पट्टी, खांद्याची बट प्लेट तुमच्या मापाला बसते का? डावखुरे असाल तर आधीच सांगा.

• तोल: रायफल उचलून बघण्यात अर्थ नाही. पूर्ण पोझिशन घेऊन अर्धा तास उभं राहा.

• पाइप आणि सिलिंडर: हे शेवटी. बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्ही नंतर बदलता येतात.

• कायदा: 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलला भारतात लायसन्स लागत नाही. मॅच रायफल आठ जूलच्या आसपास असते. ओळखपत्र न्या, बिल जपून ठेवा.

आणि हो, पैसे उरले तर जॅकेट आणि बुटांवर घाला. कोचची फी मात्र आधी बाजूला काढा. रायफल बदलता येते, सुरुवातीला अंगात मुरलेली चुकीची पोझ बदलायला वर्षं लागतात.