घबाड

‘घबाड मिळाले’ असे तुम्हीआम्ही सहज म्हणतो. परंतु घबाड हे पंचांगातल्या एका शुभ मुहूर्ताचेही नाव आहे. कष्टाविना आलेल्या धनाला आपल्या भाषेने वेळेचे नाव द्यावे, यातच त्याच्या मोहाचे मर्म आहे. घामाचा पैसा माणसाला थकवितो. घबाड त्याला सांगते, ‘तुझी वेळ आली!’

मुंबईचा मटका पाहा. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारभावावरून ठरणारे आकडे १९६०च्या दशकात पत्त्यांतून निघू लागले. तीन पाने काढावयाची. बेरजेचा शेवटचा अंक तो ‘ओपन’. पुन्हा तीन पाने, तो ‘क्लोज’. अंक दहा, आणि लागला तर रुपयाचे नऊ. म्हणजे दहाही अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याचा एक रुपया हमखास बुडावयाचा. गिरणीकामगाराला हा हिशेब कळत नव्हता असे मुळीच नाही. वाण्याच्या वहीतली चूक तो पैशापर्यंत बरोबर पकडी. परंतु सात लावून आठ आला, की त्याला हरल्यासारखे वाटत नसे. थोडक्यात हुकल्यासारखे वाटे. मग वाण्याची उधारी तशीच राही, घरात कुरबूर होई, आणि दुसऱ्या दिवशीचा रुपयाही सातावरच लागे.